एका बाळासाठी फोडलेली बाटली

दवाखान्यातल्या नर्सला आमच्या शाळेतली मुलं टोचमावशी म्हणत. ती लस घेऊन आली की वर्गातले दांडगे बाकाखाली आणि भित्रे रांगेत पुढे, असा उलटा प्रकार व्हायचा. आवाज मऊ, पण एकदा मनात घेतलं की मागे हटायची नाही.

एरवी ती दवाखान्यात असे. गोवराच्या लशीची एक बाटली दहा बाळांना पुरते. ती फोडून पाणी मिसळलं की काही तासांतच संपवायची, उरेल ते फेकायचं. लस परदेशी मदतीतून येई आणि वाया किती गेली याचा जाब थेट तिथवर द्यावा लागे. म्हणून दवाखान्याने बुधवार ठरवला होता. पुरेशी बाळं जमली तरच बाटली फोडायची.

एका सोमवारी शिलाई कारखान्यातली एक बाई वर्षाच्या आतल्या लेकीला घेऊन आली. याआधीही ती बुधवार नाही म्हणून परत गेली होती.

“बुधवारी ये गं,” मावशी सवयीने म्हणाली.

“बुधवारी माल जातो, ताई. सुट्टी मागितली तर मुकादम कायमचीच देईल. आणि आमच्या शेजारी गोवर निघालाय.”

मावशीने पोरीकडे पाहिलं, बाटली काढली आणि फोडली. पोर रडली, थांबली आणि मावशीचा चष्मा ओढू लागली.

दवाखान्याचे साहेब लगबगीने आले. “एका पोरीसाठी? अहो, मी वर काय तोंड दाखवू?”

“वाया गेलेली लस मोजतात, साहेब. परत पाठवलेली पोरं कोण मोजतं?”

“ते मला कुणी विचारत नाही. हे विचारतात.” माणूस वाईट नव्हता, कात्रीत सापडलेला होता.

“मग ही संपवायला निघते.” मावशी त्या आईकडे वळली. “तुझ्यासारख्या आणखी आहेत का गं?”

“आहेत की. कारखान्याच्या मागच्या खोलीत रांगतायत सगळ्यांची पोरं.”

बर्फाची पेटी खांद्याला लावून मावशी तिच्याबरोबर कारखान्यात गेली. दारात मुकादम आडवा.

“पोरांना ताप आला की बाया घरी बसतात.”

“लशीचा ताप दोन दिवसांचा. गोवर आला तर पंधरवडा जाईल. तुम्ही ठरवा, मी थांबते.” ती शेजारच्या कापडाच्या गठ्ठ्यावर बसली.

“अहो बाई, मालावर बसलात.”

“दार सोडा, उठते.”

चहाच्या सुट्टीत आया आपापली बाळं घेऊन आल्या. एक म्हणाली, नवऱ्याला विचारते. मावशीने तिला घाई केली नाही.

संध्याकाळी उरलेली लस टाकताना साहेब पाहत होते. “उरलीच शेवटी.”

“उरली. एक आई नवऱ्याला विचारणार आहे. त्याने हो म्हटलं तर पुढच्या सोमवारी एक बाळ आहे. मी जाणार.”

“एकासाठी पुन्हा फोडणार?”

“फोडणार. वर सांगायला अवघड जात असेल, तर तुम्हीच चला. खोली बघा आणि मग सांगा.”

सोमवारी साहेब गेले. पेटी उचलायला त्यांनी हात पुढे केला, पण ती काही मावशीने दिली नाही. मुकादमाशी बोलायचं काम मात्र त्यांच्यावर सोपवलं.