माझे फेपरे आणि मॅट्रिकची मुले

"याला एपिलेप्सी म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "आपल्याकडचं फेपरं ते हेच. मेंदूचा आजार आहे. भूतबाधा नाही, आणि तुमच्या हातून काही पाप घडलं म्हणूनही नाही."

ठाण्याच्या इस्पितळात बाकावर मी बसलो होतो. वय सत्तावीस. कल्याणच्या इंग्रजी शाळेत गणित शिकवत होतो. शेजारी माझा विद्यार्थी पाटील उभा होता, ठाकुर्लीच्या शेतकऱ्याचा मुलगा. मला आधी आठवली ती नोकरी. फेपरे येणारा मास्तर कोण ठेवील?

हा आजार लपवणाऱ्यांसाठी मी हे लिहीत आहे. मीही दोन वर्षे लपवला. घरी दोनदा झटका आला होता. दोन्ही वेळा माझी बायको यमुना हिने माझ्या मुठीत लोखंडी किल्ली कोंबली, आणि मी शुद्धीवर आल्यावर "अहो, कुणाला सांगू नका" म्हणून रडली.

इस्पितळात गेलो त्याच्या आदल्या दिवशी, सोमवारी, मी फळ्यावर त्रैराशिक लिहीत होतो. एकाएकी कापूर जळाल्यासारखा वास आला. घरीही असाच आला होता. पुढचे मला मुलांकडून कळले.

हेच डॉक्टर दर शनिवारी ठाण्याहून येऊन पाटील, शेख, फडके आणि आणखी एक अशा मॅट्रिकच्या चार मुलांना 'फर्स्ट एड' शिकवत. म्हणजे डॉक्टर येईपर्यंत रोग्याला जपण्याची विद्या. शाळेत कोणी पडले, कोणाला लागले की हे चौघे धावत. मी त्यांची चेष्टा करायचो, "अरे, आधी भूमिती करा, मग वैद्य व्हा."

मी कोसळलो तसा शिपाई कांदा आणि चप्पल घेऊन धावला. पाटलाने त्याला दारातच अडवले. "काका, नाकाला काही लावायचं नाय. वारा येऊ द्या." शेखने टेबल दूर ओढले. फडक्याने माझ्या कोटाची बटणे सोडली, उपरण्याची घडी डोक्याखाली सारली. हातपाय झाडणे थांबताच तिघांनी मला कुशीवर वळवले, म्हणजे तोंडातली लाळ घशात जायची नाही. चौथ्याने वर्ग रिकामा केला.

जाग आली तेव्हा जीभ चावली गेली होती, अंग ठणकत होते आणि धोतर ओलेचिंब. शेजारी पाण्याचा माठ कलंडला होता.

"मास्तर, पडताना तुमचा धक्का लागला," पाटील म्हणाला. मला ते खरे वाटले.

दुसऱ्या दिवशी तोच मला आगगाडीने ठाण्याला घेऊन गेला. बराच वेळ थांबल्यावर आम्हाला आत बोलावले. डॉक्टरांनी विचारले, "झटक्यात लघवी झाली होती?"

"नाही. माठ सांडला होता."

पाटील खाली बघत म्हणाला, "मास्तर, माफ करा. डॉक्टरांना खरं सांगायला पायजे. माठ मी पाडला."

"का रे?"

"पोरं खिडकीतून बघत होती."

डॉक्टरांनी मान हलवली. त्यांचे निदान पक्के झाले. माझे डोळे भरून आले, ते आजाराच्या नावाने नव्हे.

डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मी हेडमास्तरांकडे गेलो. त्यांनी ती दोनदा वाचली. "वर्गात पुन्हा झटका आला तर?"

"आम्ही आहोत," दारातून आवाज आला. चौघेही उभे होते.

"आणि तुम्ही पास होऊन गेल्यावर?"

फडके म्हणाला, "जाण्याआधी खालच्या वर्गाला शिकवून जाऊ, साहेब."

हेडमास्तरांनी मला वर्षअखेरपर्यंत ठेवून बघायचे कबूल केले.

पोटॅशियम ब्रोमाइडचे औषध सुरू झाले. मेंदू शांत करणारा हा क्षार पाण्यातून दिवसातून तीन वेळा घ्यायचा. चव खारट, दिवसभर झापड, तोंडावर पुरळ. तरी औषध चुकवू नका. विहिरीवर, तलावावर एकटे जाऊ नका. त्या वर्षात मला दोनच झटके आले, त्यातला एक वर्गात. मुलांनी सगळे तसेच केले, आणि मी सावरल्यावर शेखने विचारले, "मास्तर, राहिलेलं गणित उद्या घेऊ या का?" यमुना आता किल्ली शोधत नाही. डोक्याखाली उशी सारते आणि जवळ बसून राहते.

माझी नोकरी टिकली ती या मुलांमुळे. आजार गेलेला नाही, पण त्याची लाज गेली, तीही त्यांच्यामुळेच.

मॅट्रिकच्या परीक्षेआधी चौघांनी खालच्या वर्गातली सहा मुले तयार करायला घेतली. एका शनिवारी माझ्याच वर्गात डॉक्टर झटका आलेल्याला कसे वळवायचे ते दाखवणार होते. रोगी म्हणून जमिनीवर पडायला कोणी पुढे येईना. सगळे एकमेकांकडे बघून हसत होते.

मी पागोटे काढून टेबलावर ठेवले. त्या वर्गात मी दोनदा पडलो होतो. त्या शनिवारी स्वतः होऊन आडवा झालो.

"घाबरू नका रे," मी म्हटले. "वळवा मला."