आत्या पूजेत आहे

आमच्या आत्याला हाक मारून बोलावता येत नसे. बहिरी नव्हती हो! उलट शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली तरी दोन्ही कानांवर हात ठेवून आत पळणारी बाई ती. पण परसात, न्हाणीघराच्या मागच्या भिंतीशी, ती एकदा उकिडवी बसून मुंग्या बघायला लागली की तुम्ही ‘महानंदा’ म्हणा, ‘आत्या’ म्हणा, नाहीतर कानाशी ताशा वाजवा, तिला पत्ता नसे. उदगीरच्या आमच्या गल्लीत तिला सगळे मुंगीआत्याच म्हणत. ती माझ्या वडिलांची मोठी बहीण. तिचं लग्न झालेलं नव्हतं. का झालं नाही, तेही सांगते, दम धरा.

आमच्या घराच्या पुढच्या भागात धान्याची आडत होती आणि मागं आम्ही राहायचो. आडत म्हटलं की पोती आली, पोती आली की सांडलवंड आली, आणि सांडलवंड आली की मुंग्या आल्याच. या काळ्या, डोकं मोठं असलेल्या, दाणा तोंडात धरून नेणाऱ्या. बिळाच्या तोंडाशी त्यांनी टाकलेल्या कोंड्याचं गोल कडं असायचं, रांगोळीसारखं. आत्या म्हणायची, “त्यांचा बी मोंढा हाय. पर त्यांच्यात वरडणारं कुणी न्हाई.” हा टोला माझ्या वडिलांना, म्हणजे अप्पांना असे. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, दिवसभर भाव ओरडून ओरडून त्यांना तीच सवय लागलेली. घरी मीठ मागायचे तेही लिलाव पुकारल्यासारखं.

मी जन्माची चौकस. हिला तिथं काय दिसतं हे मला बघायचंच होतं. एकदा पावसाची झड लागून उघडली आणि मी तिच्याशेजारी जाऊन बसले. “आता गंमत बघ,” ती म्हणाली. बघते तर मुंग्या एकेक ओला दाणा बिळातून बाहेर आणून उन्हात मांडत होत्या. “वाळवण घालून राहिल्यात,” आत्या म्हणाली. मला वाटलं, बाई थापा मारते. पण ऊन कललं तेव्हा तेच दाणे परत आत जाताना मी या डोळ्यांनी पाहिले. अर्थात मधल्या वेळात माझ्या पायाला मुंग्या आल्या, पाठ खाजली, शेंगदाण्याची आठवण झाली, आणि मी घरात तीन चकरा मारून आले. आत्या मात्र जागची हलली नव्हती.

उठली की तिचा चेहरा डोक्यावरून न्हाल्यासारखा टवटवीत दिसे. भाकरी पोटभर खायची. माझी वेणी ओढून चेष्टा करायची. आणि घरी पाव्हणे आले, कामाचा रगाडा पडला, तिला बसायलाच मिळालं नाही, की संध्याकाळपर्यंत पदराचं टोक चावत ती या खोलीतून त्या खोलीत फिरायची आणि ताट तसंच ठेवून उठायची. हे आम्ही सगळेच बघत होतो. ‘अक्काचा स्वभावच तसा,’ असं अप्पा बहिणीबद्दल म्हणायचे आणि आम्हीही सोडून देत होतो.

एकदा मी तिला विचारलंच, “आत्या, मधेच कुणी हलवून उठवलं की तू एवढी चिडतेस का गं?”

“चिडत न्हाई. दुखतंय.”

“कुठं दुखतं?”

तिनं बराच वेळ विचार केला. मग बिळाकडं बोट दाखवून म्हणाली, “तिथं. मी जिथं बघून राहिले तिथं.”

आता या उत्तराचं मी काय करावं? शाळेतल्या बाईंना विचारायचीही सोय नव्हती. पण ते डोक्यात घर करून बसलं.

तर लग्नाची गोष्ट. मी तेव्हा जन्मले नव्हते, हे सगळं आईकडून ऐकलेलं. निलंग्याकडचं स्थळ होतं. पाव्हणे ओसरीवर बसले, पोहे झाले, आणि मुलगी कुठाय तर परसात. कुणीतरी मावशी लगबगीनं गेली, हाका मारल्या, आणि शेवटी मागून तिचा दंड धरून ओढलं. आत्यानं असा टाहो फोडला की रस्त्यावरचे लोक आत आले. पाव्हण्यांनी चपला घातल्या. गावात एकच चर्चा, पोरीला बाहेरचं लागलंय. कुणी अंगारा सुचवला, कुणी कर्नाटकातला कुठला मठ.

माझे आजोबा, आमचे अज्जा, फार बोलणारे नव्हते. आमच्या लिंगायत घरात सकाळी आंघोळ झाली की लिंगपूजा. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं आणि त्याच्याकडं एकटक बघत बसायचं. तेवढा वेळ त्या माणसाला कुणी हाक मारत नाही. बाहेर गिऱ्हाईक येवो, मुनीम येवो, ‘मालक पूजेत हायत’ एवढं सांगितलं की समोरचा मुकाट्यानं बसून राहतो. तर त्या दिवशी पाव्हणे गेल्यावर अज्जांनी घरातल्या सगळ्यांना समोर बसवलं.

“मी पूजेला बसलो की मला कुणी हाक मारतंय का?”

“न्हाई.”

“मला कुणी ओढतंय का?”

“न्हाई ओ, असं कसं!”

“मग हिला बी वढायचं न्हाई. महानंदा पूजेत हाय म्हणायचं आन् गप बसायचं.”

झालं. घराचा कायदा झाला. जेवायला बोलवायचं असलं तर अज्जा पाण्याचा तांब्या घेऊन जायचे, तिला दिसेल न दिसेल असा थोडा लांब ठेवायचे आणि स्वतः तिथंच भिंतीला टेकून बसायचे. आत्याची नजर आपली आपण फिरत फिरत तांब्यापर्यंत यायची. मग ती पाणी प्यायची, आणि दोघं जेवायला आत यायची.

पण गल्ली ती गल्लीच! ‘महानंदा पूजेत हाय’ हे ऐकून ऐकून बायकांनी त्याचा भलताच अर्थ लावला. म्हणे, अक्काला मुंग्यांमध्ये महादेव दिसतो. हे मात्र माझ्यासमोर घडलंय. एका सोमवारी शिवलीलाकाकू वाटीभर साखर घेऊन आल्या, पाठोपाठ आणखी चारजणी, एकीच्या हातात नारळसुद्धा. आत्याच्या मागं हात जोडून उभ्या राहिल्या आणि बिळावर साखर ओतली. आत्या ताडकन उठली. “साखर नको! साखरनं लाल्या येत्यात! ह्यांला मारत्यात त्या!” काकूंना वाटलं देवी कोपली. त्यांनी तिथंच तिचे पाय धरले, आणि आत्या पाय सोडवून घेऊन चिमट्या-चिमट्यानं साखर वेचत बसली. त्या दिवशी अज्जांना मी पहिल्यांदा पोट धरून हसताना पाहिलं. तो नारळ आम्ही चटणीत घातला.

अज्जा गेले, आणि अप्पांनी धंदा लातूरला हलवला. उदगीरचं घर विकलं, तिथं दुकानांचे गाळे उभे राहायला लागले. मी तोवर नांदेडला नोकरीला लागले होते. लातूरला फ्लॅट घेतला तिसऱ्या मजल्यावर, आरशासारखी फरशी, सकाळ-संध्याकाळ फिनेलचं पुसणं. मुंगी कसली, मुंगीची सावली नाही.

आत्या तिथं वाळायला लागली. अप्पांचा बहिणीवर जीव होता, यात तीळभर शंका नाही, आणि तोच जीव तिच्या मुळावर आला. अक्का एकटी पडली, तिला करमत नाही, तिला गुंतवा, असा त्यांनी चंगच बांधला. टीव्ही आणला. बागेत नेलं. नातेवाइकांना बोलावून तिच्याभोवती बसवलं. “अक्का, बोल की! अक्का, हे बघ की!” दिवसभर हाकाच हाका. आत्या बाल्कनीच्या जाळीला कपाळ टेकून उभी राहायची. आधी भाकरी गेली, मग बोलणं गेलं. मी दिवाळीला गेले तर बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या. मी आईला म्हटलं, “अगं, ही अशानं जाईल.” आई पदरात तोंड घालून रडली.

डॉक्टरांकडं मी आणि अप्पा घेऊन गेलो. रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. मग त्यांनी मनाच्या डॉक्टरांकडं पाठवलं. त्या बाई वयानं माझ्याएवढ्याच. त्यांनी विचारलं, “यांना सगळ्यात जास्त काय आवडतं?”

अप्पा म्हणाले, “तसं काहीच न्हाई, मॅडम. गावाकडं आपलं नुसत्या मुंग्या बघायची.”

“नुसत्या?” बाईंनी पेन खाली ठेवलं.

मग अर्धी दुपार त्या ऐकत होत्या आणि मी सांगत होते. कुकरची शिट्टी, वाळवण, ‘दुखतंय तिथं’, सगळं. शेवटी त्या म्हणाल्या, हा ऑटिझम असावा. तो शब्द मी वाचला होता, पण तो लहान मुलांचा, आपल्या साठीच्या आत्याचा तो असेल हे कधी मनात आलं नव्हतं. बाई म्हणाल्या, “आपलं लक्ष चार ठिकाणी वाटलेलं असतं. यांचं सगळंच्या सगळं एका जागी जातं. तिथून ओढून काढलं तर यांना त्रास होतो, आणि तिथं जाऊच दिलं नाही तर त्या आजारी पडतात. त्यांची विश्रांतीच ती आहे. यांना गुंतवू नका. यांना बसू द्या.”

परत येताना रिक्षात अप्पा गप्प होते. आमचे अप्पा आणि गप्प! मग एकदम म्हणाले, “लातूरला मुंग्या कुठं मिळत्यात गं?” जन्म मोंढ्यात गेलेला माणूस, कुठलीही गोष्ट मिळते कुठं, हाच त्यांचा पहिला प्रश्न. मला हसू आलं आणि रडूही आलं.

त्यानंतर अप्पांनी घर शोधायला काढलं, आणि मीही रजा काढून काढून नांदेडहून यायची. तळमजल्याचं, शेजारी मोकळी जागा असलेलं. एजंट बिचारा एकेक घर दाखवायचा. बोअरला पाणी हाय, कॉलनी शांत हाय. अप्पा बाहेरूनच भिंतीच्या कडेकडेनं वाकून बघत फिरायचे. एका ठिकाणी एजंट छातीवर हात ठेवून म्हणाला, “शेठ, घरात मुंगी दिसली तर नाव बदलीन.”

“मंग नको,” अप्पा म्हणाले. “चला फुडं.”

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की शेठना दवाखान्यात नेताय की नाही!

शेवटी गावाबाहेरच्या एका कॉलनीत जुनं बैठं घर मिळालं. शेजारचा प्लॉट रिकामा, गवत वाढलेलं, आणि कुंपणाच्या कडेला, होय, कोंड्याचं गोल कडं. आम्ही राहायला गेलो. आत्या पहिले काही दिवस खोलीतून बाहेरच आली नाही. अप्पांचा जीव नुसता टांगणीला. “उशीर झाला का गं?” एवढंच विचारायचे. मग एका सकाळी आई चहा गाळत होती आणि मागचं दार वाजलं. बघतो तर आत्या कुंपणाशी उकिडवी.

दुपार झाली. आईनं ताट केलं, आणि सवयीनं अप्पांनी हाक मारायला तोंड उघडलं. उघडलं आणि मिटलं. ताट घेऊन गेले, तिला दिसेल न दिसेल असं थोडं लांब ठेवलं, वर रुमाल झाकला आणि कुंपणाला टेकून बसले. खिशातला फोन वाजला तो त्यांनी बंद केला. मोंढ्यातली माणसं सांगतील, हे काय साधं काम नव्हे. ऊन पार कलल्यावर आत्याची नजर ताटापर्यंत आली. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, खाल्ला, आणि अप्पांना म्हणाली, “रेवण, ह्यांचं बीळ खोल हाय बघ. उदगीरपेक्षा खोल.”

अप्पा म्हणाले, “हाव अक्का.”

पुढची काही वर्षं आत्यानं मजेत काढली. मी नांदेडहून गेले की आधी मागच्या दारात डोकावायची. अप्पा पायरीवर पेपर वाचत असायचे आणि ओठांवर बोट ठेवून मला म्हणायचे, “पूजेत हाय.” माझ्याच डोक्यात कितीतरी गोष्टी एकाच वेळी वाजत असतात. मी तिच्यामागं उभी राहून बघायची, आणि एवढं अख्खं एका जागी असणं कसं लागत असेल, याचा मला हेवा वाटायचा. आजही वाटतो.

गेल्या थंडीत ती झोपेतच गेली. तिला उदगीरला नेलं. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, खड्ड्यात मांडी घालून बसवतात आणि इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवतात. आत्याला तसं बसवलं. विधी करणाऱ्या स्वामींनी अंगाला विभूती लावली, बेल वाहिला. मान थोडी पुढं झुकलेली, नजर खाली. मी कितीदा तरी तिला अशीच बसलेली पाहिली होती. वर बायकांनी हंबरडा फोडला. “अक्का गं! महानंदा! आत्या, बघ की गं एकदा!” मीही ओरडत होते.

अप्पा खड्ड्याच्या काठाशी उभे होते. त्यांनी हात वर केला आणि इतक्या हळू आवाजात बोलले की पुढच्यांनाच ऐकू गेलं.

“हाका मारू नका. अक्का पूजेत हाय.”

हाका थांबल्या. मग स्वामींनी पहिली मूठ माती टाकली.