अर्धी किटली, दुसरा गिअर

ज्ञानू पाटलांनी एकतीस वर्षं दुधाचा टँकर चालवला. गगनबावड्याकडचं दूध कोल्हापुरात आणायचं आणि रिकामा टँकर घेऊन परत जायचं, एवढंच काम. पण एवढंच म्हणणाऱ्याला ज्ञानूमामा अजूनही फाडून खातात. भरलेला टँकर कुणीही आणील, असं त्यांचं म्हणणं. उन्हाळ्यात दूध आटतं, टँकर अर्धा येतो, तेव्हा ड्रायव्हरचा कस लागतो. ब्रेक मारला की आतलं दूध पुढं धावतं, केबिनला मागून ढुशी देतं, परत जातं, परत येतं. अशी गाडी नुसत्या ब्रेकवर आवरत नाही. चौथ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून दुसऱ्यात, एकेक गिअर उतरवायचा, तोही दुधाला पत्ता लागू न देता. मामांना ते जमायचं.

त्याचं बक्षीस त्यांना एकदाच मिळालं. लग्न होऊन महिनाही झाला नव्हता. बायको अंबूबाई माहेराहून यायला निघाली आणि तिची एसटी चुकली. मामांनी नियम गुंडाळून ठेवून तिला अर्ध्या भरलेल्या टँकरच्या केबिनमध्ये बसवलं. पाच मिनिटांत अंबूबाईला झोप लागली. गावच्या फाट्यावर उठवलं तर डोळे चोळत म्हणाली, "अजून निघालीच न्हाई व्हय गाडी?" मामांनी तेव्हा नुसती तिची पिशवी उतरवून दिली. पण पुढं कितीतरी वर्षं रिकाम्या टँकरमध्ये एकटे असताना ते वाक्य आठवून स्वतःशीच हसत असत.

दोन वर्षांपूर्वी मामांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हात सुधारला, तोंड सुधारलं, आवाज तर आधीपेक्षा वाढला. डावा पाय मात्र निम्माअर्धाच ऐकू लागला, आणि क्लच दाबणारा पाय तोच. मुलगा धैर्यशील पुण्याला नोकरीला. त्यानं जुनी पांढरी गाडी घेऊन दारात उभी केली होती. मामा रोज सकाळी ती पुसायचे, आत बसायचे आणि उतरायचे.

अशातच अंबूबाई गोठ्यात घसरून पडली. मणक्याचं हाड मोडलं. ॲम्ब्युलन्समधून कोल्हापूरला नेताना प्रत्येक स्पीडब्रेकरला ती ओरडत होती. मामा तिच्या उशाशी बसून होते. त्यांना ड्रायव्हरचा गिअर ऐकू येत होता; तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना गाडी दर वेळी हिसका खायची आणि तो हिसका थेट बायकोच्या पाठीत जायचा. ऑपरेशन झालं. बारा दिवसांनी घरी न्या, पण पाठीला धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं. अंबूबाई म्हणाली, "त्या ॲम्ब्युलन्समधनं मी येणार न्हाई. हितंच ऱ्हातो."

धैर्यशीलला पुण्याहून रजा मिळेना. तेव्हा त्याची बायको वर्षाराणी खोलीबाहेर येऊन पदराशी चाळा करत म्हणाली, "मामा, मी आणतो की आत्तीस्नी. लायसन हाय माझ्याकडं."

लायसन होतं, हे खरं. पण ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकलेल्या त्या ड्रायव्हिंगची एक चक्कर मामांनी पाहिली आणि कपाळाला हात लावला. समोर काही आलं की पोरगी आधी क्लच दाबून टाकायची. गाडी मोकाट सुटायची. मग ती घाबरून ब्रेकवर उभी राहायची, दुसरा गिअर कोंबायची आणि क्लच धाडकन सोडायची. गाडी शिंकल्यासारखी पुढं-मागं व्हायची.

"असं आणलंस तर म्हातारी वाटंतच जाईल माझी," मामा म्हणाले. सुनेचा चेहरा उतरला. पण गोड बोलण्याची मामांना सवयच नव्हती, त्याला कोण काय करणार!

दवाखान्यात अंबूबाईजवळ वर्षाराणीचा भाऊ थांबला आणि दुसऱ्या दिवसापासून गावाकडं शिकवणी सुरू झाली. सकाळी दूध संस्थेत घालायचंच असायचं. मामांनी किटली अर्धी भरली, झाकण काढून ठेवलं आणि ती मागच्या सीटच्या पायथ्याशी ठेवली.

"मामा, पाणी घालूया की. दूध सांडंल."

"पाणी सांडलं तर कुणाला वाईट वाटतंय? दूधच पायजे."

पहिल्या दिवशी निम्मं दूध गाडीनं प्यायलं. दुसऱ्या दिवशी गाडीत आंबूस वास सुटला. तिसऱ्या दिवशी दूध संस्थेतले लोक किटलीत डोकावून विचारू लागले, "म्हस आटली का काय?" मामा शेजारी बसून ओरडत राहिले.

"क्लच मागनं! आधी पाय काढ की रेसवरचा. जरा ब्रेक लाव, चाल कमी होऊ दे. आता क्लच, आता गिअर... आता रेसवर टिचकी मार एवढीशी! आणि क्लच हळू सोड, हळू!"

"टिचकी कशाला मामा? गाडी थांबवायची असताना रेस का द्यायची?"

प्रश्न रास्त होता. हे त्यांनी आजवर कुणाला शब्दांत सांगितलंच नव्हतं.

"म्हस पळत असती, दावं तुझ्या हातात. तू खुट्ट्यागत उभी ऱ्हायलीस तर हिसका बसणारच. चार पावलं तिच्यासंगं पळायचं, मग ओढायचं. न्हाई का? दुसऱ्या गिअरात इंजिनाला जोरात फिराय लागतंय. त्येला टिचकी मारून आधी चाकाच्या जोडीनं पळीव, मग क्लच सोड."

वर्षाराणी शेतकऱ्याच्या घरातली. म्हैस म्हटल्यावर तिच्या डोक्यात उजेड पडला. त्या दिवशी दूध कमी सांडलं. मामांनी किटलीत पाहिलं आणि नेहमीप्रमाणं म्हणाले, "अजून न्हाई."

पोरीनं आणखी चार दिवस जीव टाकून केलं. रोज थोडं सांडायचंच, आणि रोज "अजून न्हाई" ऐकायला मिळायचं. आठव्या दिवशी मात्र चमत्कार झाला. दूध संस्थेच्या दारात गाडी थांबली आणि मागं थेंब नव्हता. मामांनी वळून पाहिलं, पुन्हा पाहिलं. ओठ उघडून ते काही चांगलं बोलणार, एवढ्यात दूध मापून घेणारी बाई हसायला लागली. किटलीतून तिनं चिमटीत धरून केळीच्या पानाचा गोल तुकडा वर काढला.

पाण्याची घागर डोक्यावरून आणताना बायका आत पान सोडतात, म्हणजे पाणी हिंदकळत नाही. वर्षाराणीनं तेच केलं होतं.

मामांचा पारा चढला. चार माणसांदेखत ते गरजले, "आत्तीच्या पाठीत पान घालणार हाईस व्हय गं?"

वर्षाराणी गाडीत जाऊन स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागली. मामा लंगडत मागोमाग गेले, दार उघडून बसले.

"मला भ्या वाटतंय मामा," ती म्हणाली. "आत्ती माझ्या हातनं दुखावली तर मी काय करू? आणि तुमी एकदाबी म्हनला न्हाईसा, जमतंय म्हणून."

मामांना गलबलून आलं. भीती तर त्यांनाच जास्त होती. आरडाओरडा होता तो त्या भीतीचाच. शिवाय दुसरं एक दुःख होतं, ते त्यांनी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. बायकोला आणायला आपण जाणार आणि शेजारच्या सीटवर बसणार. या आठ दिवसांत प्रत्येक गिअरला त्यांचा तो अर्धवट डावा पाय चपलेतल्या चपलेत खाली दाबला जात होता. तिथं क्लच नव्हता, नुसता पत्रा होता.

"भ्या मलाबी वाटतंय," ते हळू आवाजात म्हणाले. "चल. परत एकदा फाट्यापातूर जाऊ. पान नको, आणि मी वरडणार न्हाई."

ते ओरडले नाहीत. फार जड गेलं त्यांना, पण नाही ओरडले. पोरीचा पाय त्या दिवसापासून सैल पडला.

बाराव्या दिवशी अंबूबाईला मागच्या सीटवर उशा लावून आडवं केलं, पट्ट्यानं नीट बांधून घेतलं. तिनं डोळे मिटून सुनेच्या भावानं दिलेला देवाचा अंगारा मुठीत घट्ट धरला होता. गाडी कुणी चालवायची हे तिला विचारायचं सुचलं नाही, कुणी सांगितलंही नाही. रंकाळा मागं पडला. फुलेवाडी गेली, बालिंग्याचा पूल गेला. ब्रेकर आला की चाल आधीच मावळायची, गिअर कधी उतरला ते फक्त इंजिनाच्या आवाजावरून कळायचं. मामा समोर बघत बसले होते. डावा पाय आपला दाबतच होता.

कळे गावाच्या पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर अचानक शेतातून आडवा आला. मामांचा हात डॅशबोर्डवर गेला, तोंड उघडलं. वर्षाराणीनं सुरुवातीला क्लचला हात... नव्हे, पायही लावला नाही. आधी ब्रेक, मग क्लच, तिसरा, टिचकी, मग दुसरा, टिचकी. ट्रॅक्टरच्या मागं गाडी माणसाच्या चालीनं चालू लागली. मागून ओरडणं आलं नाही.

मामांनी वळून पाहिलं. अंबूबाईची मूठ सुटली होती. अंगारा सीटवर सांडला होता, आणि ती झोपेतून नुकती जागी होत होती.

"अवो," ती डोळे न उघडताच पुटपुटली, "पाय बरा झाला व्हय तुमचा?"

"व्हय" म्हणावं, असं क्षणभर मामांना फार वाटलं.

"मी न्हवं गं," ते म्हणाले. "वर्षाराणी चालवतीया."

"मला वाटलं तुमीच."

"ऐकलंस न्हवं?" मामा सुनेकडं बघून म्हणाले. "ह्याच्या वर मी काय सांगू तुला, पोरी?"

वर्षाराणीचे डोळे भरले होते, पण नजर रस्त्यावर होती. "मामा, आता गप बसा जरा. म्होरं ब्रेकर हाय."

मामा गप्प बसले. हात मागं नेऊन त्यांनी अंबूबाईची बोटं धरली. ब्रेकर आला आणि गेला, आणि त्यांचा डावा पाय चपलेत स्वस्थ पडून होता.