एकदाच वाचायचं नाव

दरवर्षी नाव वाचतात, असं मी पार्वताबाईंना सांगितलं. तसं काहीही नसतं.

२१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन असतो. वर्षभरात देशात ड्यूटीवर जीव गेलेल्या पोलिसांची यादी वरून येते आणि जिल्ह्याच्या मुख्यालयात ती मोठ्याने वाचतात. जालन्यात ते काम माझ्याकडे होतं. मी सहायक फौजदार. परेडमध्ये माझा पाय चुकायचा, म्हणून मला माईकवर उभं केलं होतं. माणूस ज्या साली गेला त्या साली त्याचं नाव येतं, एकदाच. पुढच्या साली नवी यादी. ती कोरी आलेली मी कधी पाहिली नाही.

संतोष जाफराबादकडचा शिपाई. नाकाबंदीत एका ट्रकने त्याला बॅरिकेडसकट नेलं. त्या साली मी त्याचं नाव वाचलं. कार्यक्रम संपल्यावर त्याची आई, पार्वताबाई, माझ्यापाशी आल्या.

"पुढल्या साली बी घेता का नाव?"

मी पहाटे पाचपासून बुटात उभा. चहाची किटली मैदानाच्या दुसऱ्या टोकाला निघालेली.

"घेतो ना आई, दरवर्षी," म्हणालो आणि किटलीमागे गेलो.

पुढच्या साली पार्वताबाई आल्या. काळीपिवळी जीपने, भावकीतल्या चार बायका घेऊन. पाचही जणी पहिल्या रांगेत बसल्या. मी आरआय साहेबांकडे पळालो. आरआय म्हणजे राखीव निरीक्षक. मैदान, परेड, बंदुका, सगळं त्यांच्या ताब्यात.

"सर, एक नाव जास्तीचं घ्यायचं होतं. मागच्या सालचं."

"कशापायी?"

सांगितलं.

"तुला कोणी सांगितलं होतं असं बोलायला?"

"चहा चालला होता, सर."

"यादी वरून येती. माझ्या बापाचं नाव बी घुसवता येत न्हाई त्यात. जा."

"मंग तिला कोण सांगणार?"

"ज्याला चहा पाहिजे होता, त्यानं."

सांगायला गेलो. मी तोंड उघडायच्या आत पार्वताबाईच बोलल्या, "गावात म्हणून राह्यले, सरकार कशाला ध्यानात ठेवतंय आता. म्हणलं, चला मंग, दावते. म्हणून आणल्या ह्या चौघी."

"पाणी पाहिजे का?" एवढं विचारून मी परत आलो.

परेड सुरू झाली. 'शोकशस्त्र' अशी ऑर्डर होते. मग बंदुकीची नळी जमिनीकडे आणि जवानाची मान खाली. मी वाचायला लागलो. एका राज्यामागून दुसरं राज्य. ऊन चढत होतं. बऱ्याच वेळाने ती माणसांची नावं आहेत हे डोक्यातून जातं, जीभ आपली चालत राहते. हे बरं नाही, पण होतं.

महाराष्ट्र आला. शेवटचं नाव झालं. महाराष्ट्राची यादी संपली होती तिथे मी संतोषचं नाव घातलं आणि श्वास न घेता मणिपुरात उडी मारली. चोरून पाहिलं. एसपी मॅडम सरळ उभ्या. आरआय साहेबांची मिशीही हलली नाही. जमलं म्हणायचं.

फैरी झाल्या, बिगूल झाला, पुष्पचक्रं झाली. खुर्च्या उचलायला लागले. पाच बायका मात्र जागच्या हलेनात.

"चला आई, झालं."

"नाव कुठं झालं?"

"घेतलं की!"

"न्हाई घेतलं. कान धड हाएत माझे." बाजूच्या चौघींनी माना डोलावल्या.

म्हणजे नोकरी पणाला लावून मी एक नाव घेतलं, आणि ते आईलासुद्धा ऐकू आलं नव्हतं.

गाडीकडे निघालेल्या मॅडम वळल्या. "काय प्रॉब्लेम आहे?"

मी सगळं सांगून टाकलं, चहासकट.

"म्हणजे परवानगी नसताना नाव घुसवलंत, आणि ते कळलंही नाही कोणाला?"

"हो, मॅडम."

"उद्या लेखी खुलासा द्या." एवढं बोलून त्या स्मारकाकडे तोंड करून सावधान उभ्या राहिल्या. "आता वाचा."

माईकवाल्याने वायर गुंडाळून टेम्पोत टाकली होती. तसंच वाचलं. संतोषचं पूर्ण नाव, बक्कल नंबर, पोलीस ठाणं, गाव. घाईला काही कारणच उरलं नव्हतं. खुर्च्या उचलणारे जागीच थांबले. आरआय साहेबांनी टाच जुळवली, ते मी पाहिलं.

पुढे खुलाशावर मला सक्त ताकीद मिळाली, ती सर्व्हिस बुकात आहे. पाय दुखत असताना कोणाला वचन देऊ नये, एवढं त्या प्रकरणातून शिकलो.

त्या दिवशी नाव वाचून झालं तेव्हा पार्वताबाईंनी पदराने डोळे पुसले आणि उठून माझ्यासमोर आल्या. मला वाटलं, आशीर्वाद देतात.

"एवढा आवाज हाय तुमाला," त्या म्हणाल्या, "मंग मघाशी काय तोंडात गुळणी धरली व्हती?"