ट्रंकबाईंनी तोडलेला कॉल

ट्रंकबाई फोनवर कधी 'हॅलो' म्हणायच्या नाहीत. "नंबर," एवढंच. तालुक्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आम्ही दोघी शेजारी बसून हाताने लाईनी जोडायचो.

त्या यायच्या आधी परभणीचा ट्रंक कॉल, म्हणजे परगावचा फोन, लागायला सकाळची संध्याकाळ व्हायची. नोंदवलेल्या कॉलच्या चिठ्ठ्यांचा एकच ढीग. अर्धा वेळ तो उपसण्यातच जायचा. बाईंनी भिंतीत चार खिळे ठोकले, दिशेगणिक एक. लाईन मोकळी झाली की त्या खिळ्यावरची पुढची चिठ्ठी. बोर्डावर पोलीस, दवाखाना आणि स्टेशन यांच्या भोकांभोवती, तातडीचे म्हणून, लाल रंग लावला. महिन्याभरात लोक पायरीवर ताटकळत बसायचे थांबले.

"बोलणं त्यांचं, तार सगळ्यांची," असं त्या म्हणायच्या. मी एकदा कुणाच्या सोयरिकीची बोलणी चोरून ऐकत होते, तर त्यांनी माझा हेडफोन काढून माझ्याच मांडीवर ठेवला.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला आणि फोनवरचे आवाज बदलले. लोक नंबराआधी विचारू लागले, "कोण बोलायलंय? आडनाव काय?" बाई बौद्ध. "ऑपरेटर. नंबर सांगा," त्या म्हणायच्या. माझा सख्खा भाऊ नामांतराच्या विरोधातल्या मोर्चात होता. त्यांना ते ठाऊक होतं. तरी डब्यातली अर्धी भाकरी त्या माझ्यापुढे सरकवायच्या, आणि मी खालमानेने ती खायचे.

एका दुपारी एका खेड्यातल्या पोस्टातून शाळामास्तरांचा फोन आला. "बाई, लोकं जमायलेत. वस्तीतली बायकापोरं शाळेत कोंडून घेतलीत. पोलीस द्या लवकर."

पोलीस ठाण्याला एकच लाईन, आणि तिच्यावर गावातले एक पुढारी बराच वेळ बोलत होते. "साहेब, लाईन घेतेय," म्हणत बाईंनी त्यांची कॉर्ड उपटली आणि मास्तरांना ठाणं जोडून दिलं.

पुढाऱ्यांचा फोन लगेच आला. "कुणी तोडला माझा कॉल?"

"मी."

"नाव सांग तुझं."

त्या दिवशी बाईंनी आडनावासकट सगळं नाव सांगितलं.

मग तास-दीड तास त्या खेड्यातून फोन आल्याची खूण बोर्डावर पडलीच नाही. बाई इतरांचे कॉल जोडत राहिल्या. फक्त एकदा कॉर्ड चुकीच्या भोकात गेली. त्यांचं असं चुकलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी मास्तर बोलले. "जीप आली. दोन घरं जळाली. माणसं समदी हायती."

"बरं. लाईन सोडा," बाई म्हणाल्या. हेडफोन उतरवून बाहेर माठाशी गेल्या. परतल्या तेव्हा डोळे लाल होते. "माझी आई हाय त्या शाळेत," एवढंच म्हणाल्या.

घरी मी भावाला हे सांगितलं. तो ताटावरून उठला, आणि पुढे कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही.

पुढाऱ्यांची तक्रार वर गेली. बाईंनी खुलाशात एकच ओळ लिहिली, 'कॉल मी तोडला.' पंधरवड्यात बदलीचा हुकूम आला. मी त्यांना स्टेशनवर पोचवायला गेले. गाडी यायला वेळ होता. बरेच दिवस मनात असलेलं मी विचारून टाकलं, "बाई, मास्तर लाईनवर होते, तेव्हा आईचं का नाही विचारलं?"

"विचारलं असतं, तर जीप तेवढी उशिरा निघाली असती," त्या म्हणाल्या. "आणि त्या शाळेत एकटी माझीच आई नव्हती."