विमानात साखळीची राखण

चहा आधी पिऊन घ्या, न्हाईतर हसता हसता नाकात जाईल. माझी जी फजिती झाली, ती गंगाखेडात मी अजून कुणाला सांगितली न्हाई. तुमी आपले म्हणून सांगतो.

लेकीकडं दिल्लीला नातवाचं बारसं होतं. आमच्या मंडळीनं, सुमननं, स्वतःचे कानातले मोडून नातवाला सोन्याची साखळी केली. एवढीशी नाजूक, पण हिचा सारा जीव तिच्यात! अन् आमी पहिल्यांदाच विमानानं निघालो, हैदराबादहून.

मी पडलो किराणा दुकानदार. गिऱ्हाइकाचा हात कुठल्या पोत्याकडं जायलाय, हे मला पाठमोऱ्यानं कळतं! आठवडाभर हिला शिकवण सुरू. मोठ्या बॅगेत सोनं घालायचं न्हाई, ती नजरेआड जाते. हातातल्या पिशवीतच ठेव. शेवटी ती वैतागून म्हणली, ठेवते मी बराबर, पण कुठं ते सांगणार न्हाई, तुमी गावभर कराल.

विमान उडालं. खिडकीला एक धिप्पाड गडी, कानात बाळी, हातभर गोंदलेलं. असल्याजवळ बसून झोप लागंल का तुमाला? सुमन पिशवी माझ्या मांडीवर ठेवून बाथरूमला गेली.

आता पिशवीत होता लेकीसाठी डिंकाच्या लाडवांचा डबा. मला शुगर. घरात लाडवाचं नाव काढू देत न्हाईत हो! नुसता वास घ्यावा म्हणून डबा उघडला, तर सगळ्यात वर काजू लावलेला एक लाडू माझ्याकडंच बघायलाय! उचलला, कागदात गुंडाळला अन् सदऱ्याच्या खिशात टाकला. नंतर निवांत खाऊ म्हणलं.

सुमन आली, डबा उघडला अन् मटकन बसली.

"साखळी गेली," म्हणली. "डब्यात होती."

माझं डोकंच फिरलं. डबा तर मी बघितला होता, साखळी कुठं होती त्यात? पण बघितला म्हणून सांगावं कसं? मग काय, चढलो त्या शेजाऱ्यावर! मघाशी खाली वाकून काय करत होतास म्हणून विचारलं. हवाई सुंदरी पळत आली, मागचे-पुढचे उठून बघायले. त्या बिचाऱ्यानं खिसे उलटे केले, आपली बॅग माझ्या पुढ्यात रिकामी केली. दाढीचं सामान, लेकीला घेतलेला फ्रॉक. सगळं चाचपून बघितलं मी, निर्लज्जासारखं!

सुमनच्या डोळ्याला धार लागली. मोडक्यातोडक्या हिंदीत ती सुंदरीला सांगू लागली, की चोराला कळू नये म्हणून साखळी लाडवात दडवली होती, अन् खूण म्हणून वरून काजू लावला होता.

माझ्या खिशातला लाडू एकदम शेरभर जड झाला.

गुपचूप काढून तिच्या हातात दिला. तिनं फोडला. साखळी निघाली. मला तर विमानातून उडी मारावी वाटली! त्या गड्याचे हात धरून माफी मागितली. "होतंय काका," म्हणला, अन् असा हसला की सगळं विमान हसलं. फोडलेला लाडू सुमननं त्यालाच खाऊ घातला. चला, मिटलं म्हणलं.

दिल्लीला उतरलो. सुमनला परत बाथरूमला जायचं होतं. मी पिशवीसाठी हात पुढं केला. तिनं हाताकडं बघितलं, अन् पिशवी सरळ त्या गड्याला दिली.

"भाऊ, जरा घट्ट धरा," म्हणली. "हे इथंच उभे हायेत."