राक्षसाच्या मामाचं गाव

सर्जेरावांना एक खोड होती. माणूस भेटला की दोन मिनिटांत ते त्याचं गाव विचारत, मग मामाचं गाव, मग बहीण कुठं दिली ते. सोयगावच्या बाजारात कापसाच्या वजनकाट्यावर त्यांनी पस्तीस वर्षं काढली आणि गाड्यांची वजनं करता करता निम्म्या तालुक्याच्या सोयरिकी जुळवल्या. निवृत्तीनंतर ते पडेगावला लेकीकडे, तनुजाकडे राहायला आले आणि विचारायला माणसंच उरली नाहीत. शेजारी जिन्यात भेटत तेही मोबाइलमध्ये मान घालून.

त्यातून त्यांना सोडवलं तनुजाच्या रविवारच्या खेळानं. हा खेळ पटावरचा कमी आणि तोंडाचा जास्त. प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं. चितेगावच्या कारखान्यात नोकरीला असलेला विश्वजीत गोष्ट सांगत अडचणी उभ्या करणार आणि त्यातून आपलं सोंग कसं वाट काढतं ते आपण बोलायचं. जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. तनुजा आणि तिचा कॉलेजपासूनचा मित्र अभय सहा वर्षं हेच खेळत होते. नियमांचं जाडजूड पुस्तक दोघांना तोंडपाठ. एक भिडू कमी पडला म्हणून सर्जेराव बसले. त्यांनी तेलाच्या व्यापाऱ्याचं सोंग घेतलं. तलवार घ्या म्हटलं तर म्हणाले, काठी बरी.

नियम त्यांच्या डोक्यात शिरले नाहीत ते नाहीतच. खोड मात्र तेवढी खेळात शिरली. अभयचा योद्धा पुलावरच्या पहारेकऱ्यावर धावून जाणार, तोवर तेलाचा व्यापारी त्याला गाव विचारून मोकळा. विश्वजीतची पंचाईत व्हायची. बिचारा सुचेल ते गाव सांगायचा. एकदा तर नाकेदाराच्या भावाला मुलगी बघण्यात अर्धा रविवार गेला आणि अभय कपाळाला हात लावून बसला.

गेल्या रविवारी पाणी प्यायला उठलेल्या सर्जेरावांच्या कानावर अभयचं बोलणं पडलं. तो स्वयंपाकघरात तनुजाला सांगत होता, "पुढचा डाव जाणत्यांचाच ठेवू. काका लई चांगलेत, पण खेळ पुढं सरकत नाय." तनुजा गप्प राहिली. अभयच्या बोलण्यापेक्षा लेकीचं ते गप्प राहणं त्यांना जास्त लागलं. अख्ख्या आठवड्यात 'काका, तुम्ही काय करणार?' असं त्यांना कुणी विचारायचं ते त्या एका खुर्चीवर. ती सोडायची नसेल तर तोंडाला कुलूप घालायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

आज डावाचा शेवट होता. किल्ल्याच्या दारात राक्षस उभा. अभयचा योद्धा जखमी होऊन पडला, तनुजाच्या वैदूची औषधं संपली, आणि पाळी आली तेलाच्या व्यापाऱ्यावर.

"काका, त्यानं गदा उगारली. तुम्ही काय करणार?" विश्वजीतनं विचारलं.

प्रश्न जिभेच्या टोकावर आला होता. सर्जेरावांनी तो गिळला. "काठीनं मारतो," म्हणाले आणि फासा उचलला.

विश्वजीत त्यांच्याकडे बघतच राहिला. "गाव नाय विचारायचं त्याचं?"

"नको. खेळ लांबतो."

विश्वजीत हिरमुसला. त्यानं पुढ्यातली वही फिरवून टेबलाच्या मधोमध ठेवली. चार पानं भरली होती. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता आठवडाभर त्यानं राक्षसाचं गाव, मामा, थोरली बहीण, सगळं लिहून काढलं होतं.

"आधी मी पहारेकऱ्यांना नावंसुद्धा देत नव्हतो," तो म्हणाला. "तुम्ही विचारता म्हणून लिहायला लागलो, काका. लई मजा येती."

सर्जेरावांनी चोरट्या नजरेनं अभयकडे पाहिलं. अभयनं वही ओढून घेतली आणि चारही पानं वाचली. मग सर्जेरावांच्या मुठीतला फासा काढून बाजूला ठेवला.

"विचारा, काका."

मग काय विचारता. राक्षसाच्या मामाचा घाटाखाली तेलाचा घाणा निघाला, म्हणजे आपल्या व्यापाऱ्याचा घरोबाच. किल्ल्याचा राजा रजा देत नाही म्हणून राक्षसानं बारा वर्षांत बहिणीचं तोंड पाहिलं नव्हतं. सर्जेराव म्हणाले, तू जाऊन ये, तोवर दारावर मी बसतो. राक्षसानं गदा त्यांच्या हवाली केली आणि दार उघडलं. तनुजानं डोळे पुसले, आणि सगळ्यांना चहा ठेवायला उठता उठता वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून गेली. सर्जेरावांचा जीव भांड्यात पडला.

निघताना अभय दारापाशी घुटमळला. त्याच्या हातात योद्ध्याची माहिती लिहिलेला कागद होता, सहा वर्षांच्या वापरानं कडा झिजलेला.

"काका, पुढच्या डावाच्या आधी एक काम होतं तुमच्याकडं. ह्याला गावच नाय."

सर्जेरावांनी कागद घेतला, चष्मा चढवला आणि शेजारची खुर्ची पुढं सरकवली.

"गावाचं मागून बघू," ते म्हणाले. "बस. आधी मामा कोण ते सांग."